मुंगूस इंग्रजीत कसं घुसलं?

इंग्रजीच्या तासाला बाईंना एक प्रश्न विचारून बघा. "बाई, एक गूस, दोन गीस. मग एक मंगूस, दोन मंगीस का नाही?"

बाई आधी हसतील, मग विचारात पडतील. गूस म्हणजे हंस-बदकांच्या कुळातला पक्षी. टूथचं टीथ होतं, फूटचं फीट होतं, त्याच चालीवर गूसचं गीस होतं. मंगूसच्या शेवटी तर हेच 'गूस' चक्क बसलेलं दिसतं, स्पेलिंगसुद्धा तेच. तरी अनेकवचन करायची वेळ आली की इंग्रज मुकाट्यानं 'मंगूसेस' म्हणतात. मंगीस म्हणालात तर मार्क गेले!

याचं कारण सोपं आहे. त्या शब्दात गूस नाहीच. पीस नाही, पंख नाही, चोच नाही. गूसचं गीस करणारी खोड इंग्रजीच्या फार जुन्या, घरच्या शब्दांना आहे. मंगूस हा शब्द घरचा नाही, पाहुणा आहे. आणि तो पाहुणा कुठून आला असेल? हा अंक तुम्ही आंबेगाव तालुक्यात लोणीला बसून वाचत असाल, तर उठा आणि शेताच्या तालीकडे बघा. तिथून, किंवा तिथल्यासारख्याच कुठल्या तरी तालीवरून.

मंगूस म्हणजे आपलं मुंगूस. शब्द मराठी आहे.

इंग्रजीचा एखादा जाडजूड कोश उघडा, म्हणजे शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुठून आला हे सांगणारा. मंगूसपुढं 'मराठी' असं लिहिलेलं सापडेल. इंग्रजीनं भारतातून शब्द पोत्यानं उचलले, पण त्या पोत्यात हिंदी, फारसी, तमिळ, मल्याळम यांचीच गर्दी. मराठीचं नाव तिथं क्वचितच भेटतं. म्हणून मला या शब्दाचं जरा जास्तच कौतुक आहे.

आता शेजारीपाजारी या प्राण्याला काय म्हणतात ते ऐका. संस्कृतात नकुल. पाचांतला चौथा पांडव आठवला ना, तोच शब्द. त्या नकुलापासून हिंदीत नेवला झाला, गुजरातीत नोळियो झाला. बंगालीत बेजी म्हणतात, तमिळमध्ये कीरी. मराठी ही संस्कृतच्या कुळातली भाषा, तेव्हा आपल्याकडंही नेवल्यासारखंच काहीतरी असायला हवं होतं. पण आपण म्हणतो मुंगूस. कोकणीतही मुंगूस. आणि खाली दक्षिणेला कन्नडमध्ये मुंगुसी, तेलुगूत मुंगिस! म्हणजे या एका प्राण्याच्या बाबतीत मराठीनं उत्तरेकडच्या भावंडांचं ऐकलं नाही, दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांशी संगनमत केलं. कन्नड-तेलुगू आणि मराठी हजारो वर्षं एकमेकींच्या अंगणात खेळलेल्या आहेत, त्या खेळात शब्दांची देवाणघेवाण होणारच. काही कोश इंग्रजी शब्दासमोर मराठीबरोबर तेलुगूचंही नाव लिहितात ते याचमुळे.

थोडी कल्पना करा. इंग्रजांची या प्राण्याशी पहिली ओळख दिल्लीला झाली असती, तर आज इंग्रजीत त्याला 'न्यूला' की काहीतरी म्हणाले असते. कोलकात्यात झाली असती तर 'बेजी'. पण युरोपातली गलबतं आधी लागली पश्चिम किनाऱ्याला. पोर्तुगीज तर १५१० मध्ये गोवा घेऊन बसले होते, पुढं चौल, वसई, मुंबई. या साऱ्या बंदरांत कानावर पडणारी बोली मराठी किंवा कोकणी. पोर्तुगीजांच्या तोंडी मुंगसाचं 'मंगुस' आणि 'मंगुस्तो' झालं. इंग्रजांनी शब्द त्यांच्याकडून उचलला की थेट मराठी माणसाच्या तोंडून, यावर कोशकार अजून वाद घालतात. घालू देत. माल आपलाच आहे.

आणि हा शब्द इंग्रजी पुस्तकात आणणाऱ्यांत जो अगदी सुरुवातीचा माणूस होता, तो एकदा जुन्नरला येऊन गेला होता!

त्याचं नाव जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. १६७२ च्या अखेरीस तो इंग्लंडहून निघाला आणि पुढच्या वर्षी भारतात पोचला. मुंबई, सुरत, कारवार, इराण असा भटकत राहिला. १६७५ मध्ये, म्हणजे रायगडावर शिवराज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, त्याला जुन्नरहून बोलावणं आलं. जुन्नर आणि शिवनेरी तेव्हा मोगलांच्या ताब्यात होते. तिथल्या मोगल सुभेदाराची बेगम आजारी होती आणि त्याला फिरंगी वैद्य हवा होता. फ्रायर मुंबईहून निघाला, कल्याण-मुरबाडच्या बाजूनं सह्याद्रीच्या पायथ्याशी आला आणि घाट चढताना पार घामाघूम झाला. उतरताना मात्र त्याला आपला नाणेघाट मिळाला. तो त्याला बराच सोपा वाटला. (नाणेघाट चढून दमलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

जुन्नरला त्याची जी परीक्षा झाली ती ऐकण्यासारखी आहे. बेगम पडद्यात. डॉक्टरानं तोंड बघायचं नाही, फक्त पलंगाच्या रेशमी पडद्याआड हात घालून नाडी तपासायची. फ्रायरनं नाडी धरली. ठणठणीत! काही आजार नाही, असं त्यानं सांगून टाकलं. आणि ते बरोबर निघालं, कारण डॉक्टर खरा की खोटा हे बघायला आधी एका धडधाकट दासीचा हात पुढं केला होता. मग कुठं खऱ्या रोग्याची नाडी त्याच्या हाती आली.

या डॉक्टरला सगळ्याचीच चौकशी. शिवनेरीवर जाऊन तो गड बघून आला, तिथल्या कोठारात हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी बेगमी आहे अशी नोंद करून आला. माणसं काय खातात, झाडं कोणती, जनावरं कोणती, सारं टिपत राहिला. पाच जिनसांपासून होणाऱ्या एका पेयाला 'पंच' का म्हणतात, तर इथल्या भाषेत पाचला तसं म्हणतात म्हणून, हेही त्यानंच लिहून ठेवलं. इंग्लंडला परतल्यावर या सगळ्या पत्रांचं जाडं पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापून निघालं. त्यात एका ठिकाणी मंगूस आहे. फ्रायरनं त्याची ओळख करून दिली ती फेरेटचा नातलग म्हणून. फेरेट म्हणजे युरोपात सशांना बिळातून हुसकवायला पाळतात तो लांबुडका, बुटक्या पायांचा प्राणी. लंडनच्या वाचकानं मुंगूस पाहिलेलं नव्हतं, तेव्हा त्याच्या माहितीतलं जनावर पुढं करणं भागच होतं. मुंगूस आणि जुन्नर एकाच पुस्तकात आहेत. पण म्हणून त्यानं मुंगूस जुन्नरलाच पाहिलं असं मात्र शाळेत सांगत सुटू नका!

पुढं दोनशे वर्षं हा शब्द ज्याला जसा ऐकू आला तसा लिहिला गेला. कुणी सुरुवातीला 'मंग' लिहिलं, कुणी 'मुंग'. शेवटाशी मात्र 'गूस' पक्कं होत गेलं. अनोळखी आवाज कानावर पडला की माणूस त्यात ओळखीचा शब्द शोधतो. इंग्रजांना आपल्या 'गुस'मध्ये त्यांचा पक्षी ऐकू आला आणि स्पेलिंगमध्ये तो कायमचा बसला. अनेकवचनाच्या वेळी तेवढी त्याची फजिती होते.

शब्दाचं झालं, आता मालकाला भेटू.

लोणी-धामणीकडचा भाग म्हणजे आंबेगावची पूर्वेची, पावसाला आसुसलेली बाजू. पश्चिमेला भीमाशंकरच्या रानात पाऊस थांबता थांबत नाही, आणि इकडं ढग नुसते हूल देऊन जातात. बाजरी, ज्वारी, कांदा, ताली, तालींवर बाभळी, बोरी, तरवड, घायपात. मुंगसाला याहून चांगली जागा मिळणं कठीण. त्याला घनदाट जंगल नकोच असतं. झुडूप, बीळ, दगडांचा ढीग आणि जवळ माणसाचं शेत असलं की त्याचं भागतं. जिथं शेत तिथं धान्य, जिथं धान्य तिथं उंदीर.

मुंगूस दिसतं ते बहुतेक वेळा असं: पायवाटेवरून काहीतरी करडं, लांबोडकं सर्रकन जातं आणि डोळा स्थिर करेपर्यंत झुडपात शिरतं. अंग साधारण हातभर, आणि जवळजवळ तेवढीच लांब झुबकेदार शेपटी. वजन जास्तीत जास्त पावणेदोन किलो. आपल्याकडं मुंगसाचं तोंड दिसणं शुभ मानतात. म्हणून मुलं त्याला रामाची शपथ घालतात आणि तोंड दाखवायला सांगतात. तुम्हीही घातली असेल. आणि गंमत अशी की पुष्कळदा मुंगूस खरंच थांबतं, वळतं आणि बघतं! राम कुठला त्याला ठाऊक असायला? झुडपाच्या तोंडाशी पोचलं, आता पळायची सोय झाली, की ते मागं कोण आहे याचा अंदाज घेतं. कधी मागच्या दोन पायांवर उभंही राहतं. शपथ घातली नाहीत तरी थांबेल. पण घालायला हरकत नाही.

ते थांबलं की डोळा बघा. दुर्बीण असेल तर फारच छान. मांजराची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी होते. मुंगसाची आडवी असते, शेळीसारखी. आणि रंग? लांबून मातकट करडा. पण त्याचा एकच केस घेऊन भिंगाखाली धरला तर तो एका रंगाचा नसतोच. एक पट्टा पांढुरका, एक काळपट, पुन्हा पांढुरका, पुन्हा काळपट, अशा कड्याच कड्या. हजारो केसांच्या या कड्या एकमेकींत मिसळतात आणि आपल्याला नुसती धूळ दिसते. वाळलेल्या गवतात बसलेलं मुंगूस शोधून दाखवा!

याच केसांनी त्याचा घात केला. राठ, लवचीक, टोकाला निमुळता असा हा केस चित्रकलेच्या कुंचल्यांना फार चांगला ठरला, आणि एकेका कुंचल्यासाठी मुंगसं मारली गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे. मारणं, पकडणं, पाळणं, त्याचे केस विकणं, सगळं गुन्हा. गारुड्याचा साप-मुंगसाच्या लढाईचा खेळही त्यातच आला. दुकानात कुंचला घेताना केस कसले आहेत ते विचारा. दुकानदार गडबडला तर नायलॉनचा घ्या.

खाण्याच्या बाबतीत मुंगूस अजिबात चोखंदळ नाही. उंदीर, घूस, सरडा, विंचू, नाकतोडा, पक्ष्यांची अंडी, झाडाखाली पडलेलं फळ, सगळं चालतं. खुराड्याचं दार उघडं राहिलं तर कोंबडीची पिल्लंही. तुमच्या आजीला विचारलंत तर ती मुंगसाला शुभ म्हणेल आणि त्याच दमात चार शिव्याही घालेल, आणि दोन्ही खरं आहे. साप तर त्याच्या ताटात त्या मानानं कमीच येतो. पण नाव झालं ते सापामुळंच.

साप-मुंगसाचं वैर फार जुनं, इतकं जुनं की ते व्याकरणातही गेलं. संस्कृतचं व्याकरण लिहिणाऱ्या पाणिनीनं नियम केला होता की ज्यांचं वैर कायमचं असतं, त्यांची नावं जोडून समास केला तर तो एकवचनी करायचा. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे अहि आणि नकुल, साप आणि मुंगूस. एकमेकांचा जीव घेणाऱ्यांना एकाच वचनात बांधायचं, हा मोठा खट्याळपणा आहे!

आता खरा प्रश्न. नाग चावला तर मुंगसाला काही होत नाही का?

जुनी समजूत अशी की मुंगूस लढाई झाली की रानात जाऊन एक मुळी खातं आणि विष उतरवतं. ही समजूत एवढी पसरली होती की लिनिअस या स्वीडनच्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं एका झाडाच्या शास्त्रीय नावातच 'मुंगोस' घालून टाकलं. पण मुळीबिळी काही नाही. मुंगसाची पहिली ढाल म्हणजे चपळाई. ते नागासमोर नाचतं, अंगावरचे केस फुलवून दुप्पट जाडं दिसतं, नाग फणा मारतो तो केसांत. असं करत करत नाग दमला की मुंगूस त्याचं डोकं धरतं.

दुसरी ढाल दिसत नाही, ती त्याच्या स्नायूंत आहे. आपला हात हलतो कसा? मज्जातंतूच्या टोकाकडून एक रसायन निघतं, ॲसिटिलकोलीन त्याचं नाव. ते स्नायूवरच्या ठरलेल्या जागेवर जाऊन बसलं की स्नायूला निरोप मिळतो: आखड! नागाच्या विषातला एक घटक काय करतो, तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवावी तशी ती जागा आधीच अडवतो. ॲसिटिलकोलीन येतं आणि उभंच राहतं. निरोप नाही, म्हणून हालचाल नाही. आधी पापण्या जड होतात, मग हातपाय, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात. नाग चावलेल्याला दवाखान्यात नेऊन प्रतिविष देण्याची घाई करायची ती यासाठी.

इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंगसाच्या स्नायूंवरची ही सीट तपासली आणि १९९२ मध्ये त्यांचा शोध प्रसिद्ध झाला. मुंगसाची सीट बरीचशी आपल्यासारखीच आहे, पण तिच्या अगदी कडेला, प्रथिनाच्या माळेतल्या १८७ व्या क्रमांकाच्या दुव्यावर, साखरेच्या रेणूंची एक साखळी चिकटलेली आहे. हो, साखर! (ऊस आपला, पण याचं श्रेय घोडनदीकाठच्या उसाला देता येणार नाही. ही साखर मुंगसाचं शरीर स्वतःच बनवतं.) ॲसिटिलकोलीन अंगानं बारकं, ते साखरेला वळसा घालून बसतं. विषाचा रेणू धिप्पाड, त्याला साखर आडवी येते. रुमाल टाकायला जागाच नाही.

याहून नवल म्हणजे नागाची स्वतःची सीट तपासली, तर तिथंही साखर! नाग स्वतःच्या विषानं लुळा का पडत नाही, याचं एक उत्तर मिळालं. शिकारी आणि शिकार, दोघांनी एकच युक्ती काढली, तीही एकमेकांना न विचारता. साळींदराएवढ्या हनी बॅजरनं आणि चक्क डुकरानं याच जागेवर वेगळी तोड काढली. तिथं साखर नाही, त्यांनी दुवाच असा बदलला की विषाचा रेणू दूर ढकलला जातो.

मात्र मुंगसाला अमर समजू नका. ही ढाल त्या एका प्रकारच्या विषापुरती आहे. भरपूर विष अंगात गेलं तर मुंगूसही मरतं. म्हणून तर ते मुळात चावा चुकवायला धडपडतं.

आता साखर आलीच आहे तर साखरेचीच आणखी एक गोष्ट. उसाच्या फडात उंदीर फार, हे तुम्हाला सांगायला नको. तिकडं कॅरेबियन समुद्रात जमैका नावाचं बेट आहे, तिथंही ऊस आणि तिथंही उंदीर. १८७२ मध्ये तिथल्या एका मळेवाल्यानं, एस्प्यूट त्याचं नाव, कोलकात्याहून नऊ मुंगसं मागवली. नऊच. ही आपल्या तालीवरली करडी मुंगसं नव्हेत, त्यांची लहान चुलत भावंडं. सुरुवातीला मळेवाले खूश झाले. उंदीर घटले, मुंगसं वाढली, आजूबाजूच्या बेटांनी ती मागवून नेली. १८८३ मध्ये जमैकाहून ७२ मुंगसं प्रशांत महासागर गाठून हवाई बेटांवर पोचली.

पण कुणी एक साधी गोष्ट विचारात घेतली नव्हती. उंदीर बाहेर पडतो रात्री. मुंगूस हिंडतं दिवसा. दोघांची गाठ पडणार तरी किती? शिवाय उंदीर झाडावर चढून बसला की मुंगसाचा नाइलाज. तेव्हा मुंगसानं समोर दिसलं ते खाल्लं: जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरडे, साप, कासवांची अंडी. या बेटांवरच्या प्राण्यांनी असलं जनावर बापजन्मात पाहिलं नव्हतं, पळायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. आपल्याकडं तसं होत नाही, कारण इथल्या तितराला, सरड्याला, उंदराला मुंगूस लाखो वर्षं ठाऊक आहे, आणि मुंगसालाही वरून घुबड-गरुडाचा आणि खालून तरसा-लांडग्याचा धाक आहे. हवाईतल्या कवाई नावाच्या एका बेटावर मात्र मुंगसांचं बस्तान बसलं नाही. तिथं अशी गोष्ट सांगतात की धक्क्यावर पिंजरा उतरवताना एक मुंगूस हमालाला चावलं, आणि त्या पठ्ठ्यानं रागारागानं पिंजराच समुद्रात लोटून दिला. खरी-खोटी तो समुद्र जाणे.

जपाननं तर याहून कमाल केली. अमामी ओशिमा बेटावर हाबू नावाचा विषारी साप आहे. त्याला मारायला १९७९ मध्ये तीसेक मुंगसं सोडली. हाबूही रात्रीचाच! मुंगसांनी साप सोडला आणि त्या बेटाबाहेर जवळपास कुठंच न सापडणाऱ्या काळ्या अमामी सशाच्या मागं लागली. वीस वर्षांत तीसची दहा हजारांच्या घरात गेली. मग सरकारला मुंगसं पकडायला खास माणसं नेमावी लागली, हजारो सापळे, वास काढणारी कुत्री, रात्रंदिवस कॅमेरे. शेवटचं मुंगूस २०१८ मध्ये सापडलं, त्यानंतर सहा वर्षं वाट पाहून, सप्टेंबर २०२४ मध्ये, बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर केलं. जपानी बातम्यांत त्या दिवशी शब्द घुमत होता, 'मांगूसु'. ओळखलात ना?

कारण तोवर शब्दही जगभर फिरून आला होता. फ्रेंचमध्ये मांगूस्त, स्पॅनिशमध्ये मांगोस्ता, इटालियनमध्ये मांगुस्ता, रशियनमध्ये मांगूस्त. इटलीनं तर आपल्या लढाऊ हेलिकॉप्टरचं नावच मांगुस्ता ठेवलं. अमेरिकेचं लढाऊ हेलिकॉप्टर आधीपासून होतं, त्याचं नाव कोब्रा. म्हणजे वैर व्याकरणातून निघालं आणि आभाळात पोचलं!

फिरता फिरता शब्द भलत्याच प्राण्यांनाही चिकटला. मादागास्करमध्ये झाडावर राहणारा, माकडांचा लांबचा नातलग लेमूर असतो. त्यातल्या एकाचं इंग्रजी नाव मंगूस लेमूर. मुंगसाशी त्याचा काहीच संबंध नाही. घुशीच्या नावाचंही असंच झालं. तेलुगूतल्या पंदिकोक्कु या शब्दावरून इंग्रजांनी घुशीला बँडिकूट केलं, आणि मग ऑस्ट्रेलियातल्या एका पोटपिशवीवाल्या प्राण्यालाच ते नाव देऊन मोकळे झाले.

पण कडी केली ती शास्त्रीय नावांनी. प्राण्यांना लॅटिन वळणाची दोन शब्दांची नावं देतात, जगभर एकच चालावं म्हणून. मुंगोस मुंगो हे नाव वाचलंत तर कुठला प्राणी डोळ्यांपुढं येईल? आपलाच, दुसरा कुठला? चूक. हे नाव मिळालं आफ्रिकेतल्या पट्टेरी मुंगसाला. पाठीवर आडवे काळे पट्टे, वीस-वीसच्या टोळीनं हिंडायचं, शेणातले किडे उकरायचे. अंडं सापडलं की ते त्याच्याकडं पाठ करून उभं राहतं, पुढच्या पायांनी अंडं धरतं आणि मागच्या दोन पायांमधून खडकावर फेकून फोडतं. आपल्या मुंगसाचं नाव आधी हर्पेस्टिस होतं, ते ग्रीक. आता अभ्यास करकरून ते बदललं आणि ऊर्वा एडवर्ड्सी झालं. ऊर्वा हे नाव आणलं ब्रायन हॉजसन या नेपाळात राहिलेल्या इंग्रजानं, तिथल्या खेकडे खाणाऱ्या मुंगसासाठी.

थोडक्यात, लोणीच्या तालीवर जे पळतं ते शास्त्राच्या लेखी ऊर्वा. शास्त्राला मान्य असलेलं 'मुंगोस' बघायचं असेल, तर मंचरहून एसटी धरून भागणार नाही, केनियाचं विमान गाठावं लागेल. आणि तिथं पोचून एकाहून जास्त दिसली, तर कुणासमोर मंगीस म्हणू नका!